नववधूचा साज : इतिहास, रूढी आणि निवड

धानाची चुरणी आटोपून कणग्या भरल्या म्हणजे आपल्या झाडीपट्टीत सोयरिकीच्या गोष्टी निघू लागतात. तुळशीचे लग्न लागले की पंचांगे बाहेर पडतात, आणि चैत्र-वैशाख उजाडेपर्यंत दिघोरी, लाखांदूर, पवनी, साकोली, वडसा या टापूतील वाटा वऱ्हाडांनी गजबजून जातात. अशा समयी घराघरांत एक प्रश्न हटकून उपस्थित होतो. नवरीचे लुगडे किंवा शालू घेऊन झाला. आता त्यावर काय काय हवे? डोरले कसे असावे, चुडा किती भरावा, बाशिंग कोणते आणावे, जोडवी कोणी द्यावीत, नथ घ्यावी की फुलीवर भागवावे, केसांत वेणी माळावी की गजरा, आणि या साऱ्यास पैसा कोठून आणावा? हा प्रश्न दिसावयास लहान. परंतु याच प्रश्नापायी बांधीचा एखादा तुकडा गहाण पडतो, दोन व्याही एकमेकांशी अबोला धरतात आणि नवी सून पहिल्याच दिवशी डोळ्यांत पाणी आणून उभी राहते. म्हणून प्रस्तुत स्मरणिकेत या विषयाचा थोडा इतिहास समाजबंधुभगिनींपुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे.

‘हे पूर्वापार चालत आले आहे’ असे एक वाक्य लग्नघरात वारंवार कानी पडते. या वाक्यापुढे बुद्धी थबकते आणि खिसा रिकामा होतो. तेव्हा पूर्वापार म्हणजे केव्हापासून, हे प्रथम पाहिले पाहिजे.

विवाहविधीचे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन गृह्यसूत्रांत सापडते. पाणिग्रहण, लाजाहोम, अश्मारोहण आणि सप्तपदी हे विधी तेथे आहेत. परंतु आज ज्यावाचून विवाह झाला असे कोणी मानणार नाही, त्या मंगळसूत्राचा उल्लेख मात्र या सूत्रांत नाही. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या महाग्रंथाच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात ही गोष्ट स्पष्टपणे नमूद केली आहे. काणे हे काही रूढिभंजक म्हणून प्रसिद्ध नव्हते. धर्मशास्त्राच्या अभ्यासात त्यांनी जन्म वेचला आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान प्राप्त झाला. अशा पंडिताचा हा निर्वाळा आहे. मंगळसूत्र पुढील काळात आले, लोकांनी ते प्रेमाने स्वीकारले आणि सौभाग्याचे मुख्य चिन्ह म्हणून ते मान्य झाले. त्याची योग्यता यामुळे उणी होत नाही. मात्र त्याचे वजन किती असावे हे कोणत्याही ऋषीने सांगितलेले नाही, एवढे या इतिहासावरून निश्चित कळते.

नथीची कथा याहूनही बोधप्रद आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेविषयी स्वतंत्र लेख लिहून असे दाखविले की, इसवी सनाच्या पहिल्या हजार वर्षांतील संस्कृत वाङ्मयात नाकातील अलंकाराचा पुरावा मिळत नाही. अजिंठ्याची चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना याची साक्ष पटेल. तेथील स्त्रियांच्या गळ्यांत मोत्यांचे सर आहेत, दंडांवर वाकी आहेत, कमरेला मेखला आहेत, केशरचनेचे तर नाना प्रकार आहेत. परंतु नाक मोकळे आहे. आज मराठमोळेपणाची खूण म्हणून जी नथ आपण अभिमानाने मिरवितो, ती अजिंठ्याच्या कलावंतास ठाऊकच नव्हती! तात्पर्य, साजातील एकेक वस्तू काळाच्या ओघात आली, काही टिकल्या, काही गेल्या. बदल हीच येथील खरी परंपरा होय.

आता आपल्या मुलखाकडे वळू. इंग्रजी अमदानीत मध्यप्रांतातील ज्ञातींचा एक बृहद् ग्रंथ रसेल या अधिकाऱ्याने रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने तयार केला व तो १९१६ साली चार खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या कोहळी ज्ञातीस स्वतंत्र प्रकरण दिलेले असून वैनगंगेच्या खोऱ्यातील मोठमोठे तलाव बांधणारे लोक, अशी आपल्या पूर्वजांची ओळख करून दिली आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, ही परंपरा तर आबालवृद्धांस ठाऊक आहे. धान आणि ऊस हे आपले धन. तलाव भरला तर वर्ष साजरे, न भरला तर लग्न पुढील सालावर, असा साधा हिशेब होता. तलावाच्या पाण्यावर ज्यांचे लग्नकार्य अवलंबून, त्यांच्या नवरीचा साजही त्याच मातीतून व त्याच रानातून येत असे.

तो कसा येत असे हे पाहण्यासारखे आहे. वस्त्र विणीत कोष्टी. आंधळगाव, मोहाडी, पवनी व भंडारा येथील मागांवर सुती लुगडी व टसरी रेशमाची वस्त्रे निघत. रानात ऐन व अर्जुन या झाडांवर टसराचे किडे जोपासण्याचे काम आपल्याकडील धीवर बांधव पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत. त्या कोशांपासून सूत काढून कोष्टी वस्त्र विणीत, आणि करवतीच्या दातांसारखा काठ असलेले ते वस्त्र ‘करवत काठी’ म्हणून नावाजले. त्यास अलीकडे भौगोलिक निर्देशांकाचे शासकीय संरक्षणही मिळाले आहे. लाल रंग येई तो आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांपासून, आणि तो चढविण्याचे काम रंगाऱ्याचे. बांगड्या काचेच्या असत, तशा लाखेच्याही असत. पळस व कुसुम या झाडांवरील लाख आपल्या रानात विपुल, आणि गोंदिया हे तर लाखेच्या व्यापाराचे मोठे ठाणे होते. दागिना घडवी सोनार. परंतु सोन्याचे मणी सुटे घेऊन उपयोग काय? ते रेशमात गाठवून देणारा पटवेकरी वेगळा असे. बाशिंगासाठी शिंदीची पाने पुरत. शिंदीच्या पानांच्या या लग्नमुकुटाचा उल्लेख रसेल-हिरालाल यांच्या ग्रंथात अनेक ज्ञातींच्या वर्णनांत येतो. आज दुकानात कागदाची व चमकीची बाशिंगे मिळतात. पूर्वी ती बांधावरच्या झाडावर मिळत.

याप्रमाणे एका नवरीचा साज पुरा व्हावयास कोष्टी, धीवर, रंगारी, कासार, सोनार व पटवेकरी असे अर्धा डझन हात लागत. लग्न एका घरचे, पण त्यात गावच्या सर्व अठरापगड लोकांचा वाटा असे. साजाचे हे सामाजिक अंग आपण विसरलो आहोत.

धातूंविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. सामान्य शेतकऱ्याच्या घरी सोने फार नसे. गळ्यातील डोरले, चार मणी व नाकातील फुली एवढे सोने झाले म्हणजे पुष्कळ मानीत. बाकी सारा साज चांदीचा. हातांत गोट, दंडात वाकी, गळ्यात सरी, पायांत तोडे किंवा वाळे, बोटांत जोडवी. गरिबाघरी कासे, पितळ व गिलट यांवर भागे. सोने लक्ष्मीस्वरूप म्हणून कमरेखाली घालावयाचे नाही, हा संकेत सर्वत्र पाळला जाई. त्यामुळे पायांतील दागिना चांदीचाच असावयाचा, मग घर कितीही संपन्न असो. आणि एक अलंकार असा होता की, ज्याला सोनार लागत नसे, जो चोरीस जात नसे व गहाणही पडत नसे. तो म्हणजे गोंदण. मेल्यावर बरोबर येणारा एवढा एकच दागिना, असे जुन्या बाया म्हणत. त्यांच्या त्या बोलण्यात त्यांनी आयुष्यभर सोसलेले सावकारीचे दुःख साठविलेले असे. अंगावरचा प्रत्येक दागिना केव्हा ना केव्हा सावकाराच्या पेटीत जाऊन आल्याचे त्यांनी पाहिले होते.

ही जुनी व्यवस्था बदलली कशी? १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत नागपूरहून छत्तीसगडाकडे आगगाडी धावू लागली आणि भंडाऱ्याचा मुलूख तिच्या वाटेवर आला. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून वडशावरून चांद्याकडे जाणारी छोटी गाडीही निघाली. गाडीबरोबर गिरणीचे कापड आले. कारखान्यात तयार होणाऱ्या रंगांनी आलीची शेती बसविली. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्यांनी लाखेची बांगडी मागे सारली. नंतरच्या काळात शिक्षण व नोकरी यांच्यासंगे पाचवारी पातळ आले आणि नऊवारी लुगडे आजीच्या पेटीत गेले. लग्नात फोटो काढण्याची पद्धत पडली, तेव्हापासून जो दागिना फोटोत दिसतो त्याचा मान वाढला आणि पायांतील चांदीचा मान कमी झाला. आज मंगल कार्यालयाच्या मंचावर नवरी उभी असते तेव्हा तिच्या अंगावरील वस्त्र सुरतेचे, दागिना मुलामा दिलेला आणि वेणी प्लॅस्टिकच्या फुलांची, असेही दृश्य दिसते. हे सारे वाईटच आहे असे आम्ही म्हणत नाही. स्वस्त वस्तूने गरिबाच्या मुलीलाही सजण्याचा आनंद मिळाला, हा लाभ लहान नव्हे. तथापि मोहाडी-आंधळगावचा कोष्टी माग बंद करून मजुरीस जातो आणि आपण त्याच्या दारावरून गाडी हाकून नागपुरास खरेदीला जातो, याचा विचार एकदा तरी मनात यावा.

साजाच्या इतिहासाची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. कोणी काय ल्यावे हे पूर्वी केवळ ऐपतीवर नव्हे, तर ज्ञातीच्या पायरीवर ठरत असे. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ च्या डिसेंबरात पहिला सत्यशोधक विवाह घडवून आणला. भटजीवाचून व अवास्तव खर्चावाचून लग्न लागू शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पुढे १९२७ च्या डिसेंबरात महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जमलेल्या स्त्रियांस जो उपदेश केला, त्यात लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा आणि गळ्यांतील व हातांतील जड, हीन गणल्या गेलेल्या दागिन्यांचा विषय होता. ज्या दागिन्यांवरून माणसाची जात ओळखली जाते व त्यास कमी लेखले जाते, ते टाकून द्या, असा त्या उपदेशाचा आशय होता. स्त्रियांनी तो तत्काळ मानला. आपल्या सभेने यातून घेण्यासारखा धडा असा की, दागिना ही निरुपद्रवी वस्तू नाही. तो बोलतो. आपल्या मांडवात आलेल्या गरीब सोयऱ्याला तो काय बोलून दाखवितो, याचा विचार श्रीमंताने केला पाहिजे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. दागिना कोणाचा? बापाचा, सासऱ्याचा, नवऱ्याचा, की जी तो अंगावर घालते तिचा?

आपल्या शास्त्रकारांनी याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेविले आहे. मनुस्मृतीत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत. विवाहाग्नीसमक्ष मिळालेले, सासरी जाताना मिळालेले, प्रीतीने दिलेले, आणि बंधू, माता व पिता यांच्याकडून आलेले. म्हणजे स्त्रीधन ही परकीय कल्पना नव्हे. परंतु ग्रंथातील वचन व घरातील वहिवाट यांत अंतर पडले. राजवाडेही त्यास अपवाद राहिले नाहीत. १८५३ साली नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले. त्यानंतर वाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन लिलावात विकण्यात आले. राणीवशाने परोपरीने हरकत घेतली, पण कंपनी सरकारने ती जुमानली नाही. ज्यांच्या अंगावर लक्षावधींचे अलंकार होते त्या राण्यांनाही आपला हक्क राखता आला नाही. मग दिघोरीच्या शेतकऱ्याच्या सुनेची काय कथा?

स्वातंत्र्यानंतर मात्र कायद्याने हे अंतर भरून काढण्यास आरंभ केला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीस तिच्या मालमत्तेची पूर्ण मालक ठरविले, आणि त्यात विवाहप्रसंगी मिळालेल्या भेटींचा व स्त्रीधनाचा स्पष्ट समावेश केला. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा आला. त्यात पुढे सुधारणा झाल्या, आणि १९८५ च्या नियमांनी असे सांगितले की, लग्नात वधूस व वरास मिळालेल्या भेटींची लेखी यादी करावी. तीत वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहावे आणि तिच्यावर वधू-वर दोघांनी सह्या कराव्यात. वधूची यादी वधूने जपून ठेवावयाची आहे. याच १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका गाजलेल्या निकालात असे ठरविले की, स्त्रीधन पतीच्या वा सासरच्या ताब्यात असले तरी ते त्याचे केवळ सांभाळणारे होत, मालक नव्हेत. मागितल्यावर परत न करणे हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा बजाविले की, स्त्रीधनावर पतीची मालकी नाही. अडचणीच्या वेळी त्याने ते वापरले तरी परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर आहे.

आपल्याकडे साखरपुड्याच्या वेळी याद्या करण्याची पद्धत आहेच. कोणी काय द्यावयाचे हे त्यात मोठ्या काळजीने लिहिले जाते. पण त्या याद्या व्याही-व्याह्यांमधील असतात. त्यांवर मुलीची सही नसते व तिच्याजवळ त्यांची प्रतही नसते. देण्याघेण्याची यादी आपण लिहितो आणि तिच्या हक्काची यादी लिहिण्याचे विसरतो! शाळेत आम्ही मुलींना हिशेबाची बेरीज-वजाबाकी शिकविली. त्या शिक्षणाचा पहिला उपयोग तिने आपल्याच दागिन्यांची यादी करण्यात केला तर त्यात वावगे काय?

सोन्याविषयी आणखी थोडा इतिहास नजरेपुढे ठेवावा. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा देशभरच्या स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून राष्ट्रीय संरक्षण निधीस दिले. त्यानंतर १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम जारी झाले आणि १४ कॅरेटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. सुवर्णकार बंधूंवर त्या काळी बेकारीचे संकट कोसळले. पुढे ती अट गेली, १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० साली रद्द झाला. मात्र त्या संबंध काळात मुलींची लग्ने काही अडून राहिली नाहीत. सोने कमी होते म्हणून कोणाचे सौभाग्य उणे झाले नाही, हे आपल्या आईबापांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आता निवडीसंबंधी काही व्यावहारिक गोष्टी सांगून टाकतो.

पहिली गोष्ट वजनाची. जुना तोळा १२ माशांचा म्हणजे ९६ गुंजांचा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅमचा होता. आज पेढीवर तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा असतो. ‘आजीची पोत पाच तोळ्यांची होती, नातीची पाच तोळ्यांचीच हवी’ असा हट्ट धरणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यावा. दोन्ही तोळे एक नव्हेत.

दुसरी गोष्ट शुद्धतेची. २२ कॅरेट म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने, १८ कॅरेट म्हणजे ७५० भाग. भारतीय मानक संस्थेची हॉलमार्क योजना २००० साली सुरू झाली. सोन्याच्या दागिन्यांसाठी ती २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने सक्तीची होत गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असणे आवश्यक ठरले. घेताना संस्थेचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा व हा क्रमांक अशा तीन खुणा भिंगातून पाहाव्यात आणि पावतीवर सोन्याचे वजन, खड्यांचे वजन व घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. मोडीत देताना खड्यांचे वजन धरले जात नाही, हे घेतानाच ध्यानी असावे. पावती मुलीच्या नावे घ्यावी. ही शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे.

तिसरी गोष्ट क्रमाची. प्रथम वस्त्र ठरवावे आणि मग अलंकार, हा क्रम सोयीचा. भरजरी शालूवर गळाभर दागिने घातले तर दोन्ही झाकून जातात. करवत काठी टसर अंगावर असेल तर एक ठुशी किंवा बोरमाळ, डोरले, हातभर हिरवा चुडा व मोगऱ्याची वेणी एवढ्याने नवरी लक्ष्मीसारखी दिसते. डोरले, चुडा, जोडवी आणि कुंकू ही चार चिन्हे आपल्याकडे मुख्य मानली जातात. ती आधी घ्यावीत, चांगली घ्यावीत. पुढचे सारे ऐपतीप्रमाणे. जे दागिने एकाच दिवसापुरते हवे, ते मुलाम्याचे घ्यावेत किंवा घरच्या थोरल्या जावेचे, मावशीचे घालावेत; त्यात कमीपणा मानू नये. जे रोज अंगावर राहावयाचे, त्याची कडी, फासा, मळसूत्र नीट तपासून घ्यावे. शेतात वाकणाऱ्या, विहिरीवर पाणी भरणाऱ्या मुलीला नाजूक साखळी टिकत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. निवड करावयाची कोणी? पूर्वी नवरी आठ-दहा वर्षांची असे. १९२९ च्या शारदा कायद्याने तिचे किमान वय १४ ठरविले आणि १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ झाले. आठ वर्षांच्या पोरीला विचारावयाचे तरी काय? म्हणून वडीलधारी मंडळी दुकानी जात, आणि ते योग्यच होते. आज नवरी सज्ञान असते, शिकलेली असते, कित्येकदा कमावतीही असते. कायदा बदलला, वय बदलले, परंतु दुकानात अजून तिचे काका, मामा व व्याही पुढे बसतात आणि ती मागे उभी असते. सोनार तिच्या गळ्याला माळ लावून पाहतो व होकार मात्र काकांना विचारतो! हे आता थांबले पाहिजे. कदाचित ती म्हणेल, नथ नको, त्या पैशांत शिवणयंत्र द्या, किंवा पुढच्या वर्षाची कॉलेजची फी भरा. तसे ती म्हणाली तर आईबापांनी त्यास तोंड वाकडे करू नये. तोही तिचा साजच होय.

तलाव बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांनी एक गोष्ट कधी चुकविली नाही. कितीही भक्कम पार घातली तरी जादा पाणी वाहून जाण्यास सलंग आणि लागेल तेवढेच पाणी सोडण्यास तुडुम ते ठेवीत. सलंगावाचून तलाव पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो. लग्नखर्चाची तीच गत आहे. ‘एवढ्यावर आम्ही जाणार नाही’ अशी रेघ यादी करतानाच आखली नाही, तर हौसेचा पूर पारीवरून वाहू लागतो आणि मग बांधी वाचत नाही.

शेवटी, ज्या विषयाला लग्नघरात कोणी तोंड लावीत नाही तो आम्हांस येथे काढावा लागत आहे. ज्या हातांत आपण कौतुकाने हिरवा चुडा भरतो, त्याच हातांतील बांगड्या दैवगती ओढवल्यास दगडावर फोडल्या जातात. डोरले तोडले जाते, जोडवी ओढून काढली जातात, कुंकू पुसले जाते. आणि हे सारे दुःखाच्या ऐन भरात, चारचौघांसमक्ष. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही चाल बंद करण्याचा ठराव केला आणि महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे कळविले. हेरवाड हे काही मोठे नगर नव्हे, आपल्या दिघोरीसारखेच एक खेडे. तेथील लोकांस जे सुचले ते आपणांस न सुचावे असे काही नाही. चुडा, डोरले आणि कुंकू या वस्तू लग्नात मुलीला दिल्या म्हणजे त्या तिच्या झाल्या. त्या ठेवाव्या की उतराव्या, हे तिनेच ठरवावयाचे. स्त्रीधनाचा न्याय डोरल्यातील सोन्याला लागू होतो आणि त्यातील काळ्या मण्यांना होत नाही, असे कसे म्हणता येईल?

सभेच्या कार्यकारी मंडळास आमची नम्र विनंती आहे की, पुढील वर्षीच्या सामुदायिक विवाहमेळाव्यात प्रत्येक वधूस तिच्या दागिन्यांच्या यादीचा छापील नमुना द्यावा, दोन साक्षीदारांसमक्ष तो भरून घ्यावा आणि त्याची एक प्रत तिच्या हाती ठेवावी. विधवा भगिनींविषयीचा ठरावही साधारण सभेपुढे मांडावा. त्यास खर्च काही नाही. लागेल तो थोडा धीर. भगिनींनी या दोन्ही गोष्टींवर आपापल्या गावी चर्चा करून मते कळवावीत, म्हणजे सभेस काम करणे सुलभ होईल.